‘मंजुघोषा’ पुन्हां वाचतांना

जुन्या कपाटांतून एखादी अद्भुतरम्य कादंबरी हातीं आली कीं सुज्ञ वाचकाची मोठी पंचाईत होते. कथेचा ओघ सोडवत नाहीं. पण त्याच ओघांत स्त्रियांविषयीं जें सहज लिहून गेलेलें असतें, तें घरांतल्या मुलीसमोर मोठ्यानें वाचवत नाहीं. अशा पुस्तकाचें काय करावें? या प्रश्नाचें एक खणखणीत उत्तर अमरावती-अकोल्याच्या शेजारींच, वऱ्हाडांत, फार पूर्वीं मिळालेलें आहे.

लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालीं निघाली. नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ सालीं. बाणभट्टाची ‘कादंबरी’ आणि अरबी भाषेंतील सुरस गोष्टी यांच्या संस्कारांत हें वाङ्मय वाढलें. राजपुत्र, राजकन्या, कपटी खलपुरुष, संकटांची मालिका आणि शेवटीं मीलन, असा त्याचा साचा. या साच्यांत नायकाला शौर्य असलें म्हणजे पुरें. नायिकेला मात्र पावलोपावलीं आपलें शील सिद्ध करावें लागतें.

रिसबुडांनीं प्रस्तावनेंत आपली अडचण मोकळेपणानें मांडली आहे. आपल्या विवाहपद्धतीमुळें व इतर कारणांनीं हिंदूंच्या नित्याच्या आयुष्यांत मन वेधून घेणारे गुण वा अवगुण आढळत नाहींत. म्हणून मनोरंजक पुस्तक लिहिणारास अद्भुताकडे वळावें लागतें, असें त्यांचें म्हणणें.

त्यानंतर चौदा वर्षांनीं, १८८२ सालीं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यास छापला गेला. सुरतेच्या विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेवर खटला झाला होता व त्यावरून सबंध स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार चालला होता. तें त्याचें निमित्त. ताराबाईंनीं या कथाकादंबऱ्यांनाहि जाब विचारला. स्त्रीच्या माथीं मारलेला एकेक दोष घेऊन तो पुरुषांतच अधिक कसा आहे, हें त्यांनीं रोखठोक दाखविलें. केशवपन झालेली विधवा, म्हाताऱ्या नवऱ्यास दिलेली पोर, यांचीं दुःखें त्यांनीं तेथें मांडलीं. ज्या घरांत रिसबुडांना लिहिण्याजोगें कांहीं दिसलें नाहीं, त्याच घरांत ताराबाईंना इतकें दिसलें!

१८८५ सालीं जोतीराव फुले यांनीं ‘सत्सारां’त ताराबाईंची बाजू घेतली. पुढें निबंध विस्मृतींत गेला. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तो पुन्हां प्रसिद्ध केला. दरम्यान हरिभाऊ आपट्यांनीं, १८९० पासून ‘करमणुकीं’त आलेल्या ‘पण लक्षांत कोण घेतो?’ या कादंबरींत, एका साध्या घरांतील स्त्रीच्या आयुष्यावर वाचकांना खिळवून ठेवलें होतें.

म्हणून ‘मंजुघोषा’ रद्दींत घालूं नये. मराठी कल्पनाशक्तीनें पहिलीं उड्डाणें कशीं केलीं, हें तींत दिसतें. मात्र मुलींच्याच नव्हे, तर मुलांच्याहि हातीं ती देतांना शेजारीं बुलढाण्याचा तो निबंध ठेवावा. शौर्य कोणाचें आणि परीक्षा कोणाची, हा प्रश्न मग त्यांचा त्यांनाच सुचेल.