रिकाम्या खुर्चीचे प्रवासी

मुलाला विमान कंपनीत नोकरी लागली की घरात पहिला प्रश्न येतो, "मग आता फुकट फिरायचं का?" एअर इंडियाचे पहिले लंडन विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघाले. तेव्हापासून या नोकरीचे अप्रूप कोकणातही पोचले आहे. हरिहरेश्वरचा मुलगा मुंबईच्या विमानतळावर चिकटला की घरच्यांना लंडन शेजारच्या बागमांडल्याइतके जवळ वाटू लागते.

तिकीट खरोखरच स्वस्त मिळते. बहुतेक कंपन्यांत बायकोमुलांना आणि आईवडिलांनाही. मात्र त्यात एक अट असते : 'सब्जेक्ट टू लोड'. म्हणजे जागा उरली तर! हेच ते 'स्टँडबाय'.

आम्हा बँकवाल्यांनाही प्रवास सवलत असे. पण बँक भाडे देई आणि जागा पक्की असे. इथे हिशेब वेगळा. पडून राहिलेल्या पैशावर उद्यापासून तरी व्याज मिळवता येते. सुटलेल्या विमानातली रिकामी खुर्ची पुन्हा विकता येत नाही. म्हणून ती कर्मचाऱ्याला. तीही पैसे मोजलेले उतारू बसल्यावर, अगदी शेवटच्या तासात, सेवाज्येष्ठतेसारख्या क्रमाने. कधी तर खुर्च्या रिकाम्या असूनही नकार येतो. समोरचा वारा जोराचा असला की इंधन जास्त घ्यावे लागते आणि माणसे कमी.

दिवाळी, नाताळ, उन्हाळी सुटी, म्हणजे नेमकी सर्वांना हवी तेव्हा, ही खुर्ची दुर्मीळ. मुरलेले कर्मचारी लहानशी बॅग घेतात, व्हिसाचे चार दिवस शिल्लक ठेवतात आणि चौघांत तीनच जागा मिळाल्या तर मागे कोण राहणार, हे घरीच ठरवून निघतात.

हरिहरेश्वरकरांना वाट पाहणे नवे नाही. देवळामागची प्रदक्षिणेची वाट ओहोटीलाच मोकळी होते. भरती असताना कुणी समुद्राशी हुज्जत घालत नाही. पण प्रदक्षिणा उद्याही घालता येते. गावी वडील अत्यवस्थ असताना मुलगा लंडनला एकामागून एक विमाने सुटताना पाहत उभा राहिला, तर वाचलेले पैसे त्याला पुढे कोणत्या तोंडाने मोजता येतील?

ही सवलत पैशाची आहे, वेळेची नाही. म्हणून ज्यांचे आईवडील थकले आहेत, त्यांनी पूर्ण भाड्याच्या एका तिकिटाची रक्कम बचत खात्यात वेगळी ठेवावी आणि तिला हात लावू नये. सहलीला रिकामी खुर्ची चालते. आईवडिलांकडे निघताना आपली खुर्ची पक्की असावी.