परवान्याचे शस्त्र : दर्शनी की झाकलेले?

एके काळी चाकणची ओळख कांदा-बटाट्याच्या बाजारपेठेने होत असे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या रूपाने १९५०च्या दशकात रुजलेली कारखानदारी पुढे भोसरी-मोशीमार्गे नाशिक रस्त्याने सरकत चाकणला पोहोचली आणि २००९ मध्ये तेथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. परिसराची आर्थिक घडी बदलली. जमिनीला मोल आले. मालवाहतूक, मजूर पुरवठा आणि भंगाराचे ठेके यांतून नवा पैसा खेळू लागला. त्यामागोमाग भाऊबंदकीचे दावे, ठेक्यांवरून चढाओढ आणि खंडणीच्या धमक्याही आल्या. स्वसंरक्षणार्थ पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरचा परवाना मागण्याची निकड अनेकांना वाटू लागली, ती या पार्श्वभूमीवर.

परवाना हाती आला की एक प्रश्न उभा राहतो. शस्त्र कमरेला दर्शनी लावावे, की वस्त्राखाली झाकून ठेवावे? पुष्कळांना ही ज्याच्या त्याच्या आवडीची बाब वाटते. वस्तुतः शासनाने या प्रश्नाचे उत्तर नियमातच दिलेले आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खालील शस्त्र नियम, २०१६ मधील नियम ३२ अन्वये सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यावयाचे, तर ते त्यासाठी बनविलेल्या व शरीराला जखडलेल्या म्यानात किंवा तत्सम पिशवीत असले पाहिजे, पूर्णपणे झाकलेले असले पाहिजे आणि बाळगणाऱ्याचे त्यावर परिणामकारक नियंत्रण असले पाहिजे. विवाह, जत्रा, मिरवणूक व सार्वजनिक समारंभात शस्त्र नेणे, परजणे किंवा त्यातून बार काढणे यांस सक्त मनाई आहे. बैलगाडा शर्यतीचा घाटही यातून सुटत नाही, हे खेड-मावळातील वाचकांनी ध्यानात घ्यावे. २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील निष्काळजी गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली आहे.

दर्शनी शस्त्राच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. शस्त्र दिसले की हल्लेखोर कचरतो, ते वापरण्याची वेळच येत नाही. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. रस्त्यात एकट्यादुकट्याला अडविणारा भुरटा चोर कदाचित मागे फिरेल. परंतु या पट्ट्यातील धोका बहुधा तसा नसतो. वैमनस्यातून येणारा हल्लेखोर पाळत ठेवून येतो, दुचाकीवरून येतो आणि काही क्षणांत काम उरकतो. कमरेचे पिस्तूल त्याला आधीच दिसले, तर सावज सशस्त्र आहे आणि पहिला वार कोठे करावा, हे त्याला कळून चुकते. शिवाय तळेगाव चौकातील संध्याकाळच्या गर्दीत कमरेला लटकलेले शस्त्र हिसकावून घेणे फारसे अवघड नाही. आणखी एक गोष्ट अशी की, दिसणारे शस्त्र केवळ शत्रूलाच दिसत नाही. ते ग्रामसभेत प्रश्न विचारण्यास उठलेल्या माणसालाही दिसते, आणि तो पुन्हा खाली बसतो.

जुलै २०२४ मध्ये मुळशी तालुक्यातील शेतजमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल दाखविल्याची चित्रफीत राज्यभर पाहिली गेली आणि पौड पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. गोळी सुटली नव्हती. तरीही शस्त्राचा धाक घालणे हा स्वतंत्र गुन्हा ठरतो. सदऱ्याचा कोपरा हळूच उचलून मूठ दाखविणाऱ्यांनाही हेच लागू आहे. शस्त्र कापडाखाली असले म्हणजे नियम पाळला गेला, असे नव्हे.

झाकलेल्या शस्त्राच्याही अडचणी आहेत. मोटारीत बसताना पिस्तूल कमरेला रुतते. मग ते काढून गाडीच्या खणात टाकले जाते आणि धनी चहाला उतरतात. येथे नियमातील ‘नियंत्रण’ हा शब्द महत्त्वाचा ठरतो. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली. ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, त्याचा परवाना हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या नावे होता, असे तपासात आढळले. परवाना व्यक्तीला मिळतो. चालक, मेहुणा किंवा कार्यकर्ता यांच्या हाती ते शस्त्र देण्याची मुभा त्यात नसते.

अमेरिकेत हा वाद फार जुना आहे आणि त्याचा प्रवास मोठा उद्बोधक आहे. १८१३ मध्ये केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी बंदी घातली ती लपविलेल्या शस्त्रांवर. सज्जन मनुष्य शस्त्र उघड बाळगतो आणि लपवितो तो दगाबाज, अशी त्या काळची समजूत होती. पुढे अनेक राज्यांत गणित उलटे झाले. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये भरलेले शस्त्र उघड घेऊन फिरण्यास मनाई केली. तेथे मूळ गृहीतक शस्त्र बाळगण्याच्या हक्काचे आहे. आपल्याकडे १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात नियमाधीन असा हा हक्क नमूद झाला होता, कारण १८७८ च्या शस्त्र कायद्याची सल ताजी होती. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घटनेत घालावा अशी दुरुस्ती सुचविली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी तिला विरोध केला. गुन्हेगारालाही हा हक्क द्यावयाचा काय, असा त्यांचा रोख होता. शस्त्र हा आपल्याकडे परवाना ठरला, तो असा.

परवाना देताना प्रश्न गरजेचा असतो, प्रतिष्ठेचा नसतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यानंतर बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची छाननी झाली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्यात आले. हवेत बार काढणाऱ्यांच्या चित्रफितींचीही त्या वेळी मोठी चर्चा झाली.

आपल्या पट्ट्यात अर्ज कोणाकडे करावा, याविषयी मात्र अजूनही घोटाळा होतो. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय स्थापन झाले, तेव्हापासून चाकण, आळंदी, तळेगाव, देहूरोड या हद्दीत परवाना प्राधिकारी पोलीस आयुक्त आहेत. राजगुरुनगरसारख्या पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीतील गावांसाठी हा अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आहे. अर्जदाराचे वय एकवीस वर्षे पूर्ण असावे लागते आणि पोलीस ठाण्याचा अहवाल मागविला जातो. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. एका व्यक्तीला दोनपेक्षा अधिक अग्निशस्त्रे ठेवता येत नाहीत. पूर्वी ही मर्यादा तीन होती. निवडणुकीच्या काळात छाननी समितीच्या निर्णयानुसार शस्त्र जमा करावे लागते.

विनापरवाना गावठी कट्ट्यांची गोष्ट वेगळी. तेथे दर्शनी की झाकलेले हा प्रश्नच उद्भवत नाही. किमान दोन ते पाच वर्षांपर्यंत कारावास ठरलेला आहे. परवानाधारकाने समारंभात शस्त्र मिरविल्याचे दिसल्यास सरपंच, ग्रामसेवक, मुख्याध्यापक वा कोणाही नागरिकाला ११२ क्रमांकावर कळविता येते. पोलीस अधिकारी जागीच परवाना दाखविण्यास सांगू शकतो, आणि शर्तभंग आढळल्यास तो परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला कलम १७ ने दिलेला आहे.