रिव्हॉल्व्हरची माशी

दि. ६ फेब्रुवारी १९३२ रोजी कलकत्ता विद्यापीठाच्या सिनेट सभागृहात पदवीदान समारंभ चालू असता बीना दास या क्रांतिकारक विद्यार्थिनीने बंगालचे गव्हर्नर सर स्टॅन्ली जॅक्सन यांच्यावर रिव्हॉल्व्हरच्या पाच गोळ्या झाडल्या. जॅक्सन (हे पूर्वी इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे कर्णधार होते) बचावले. बीना दास यांना नऊ वर्षांची सक्तमजुरी झाली. एकाच सभागृहातील अंतर ते किती! तरीही नेम चुकावा, याचे सामान्य माणसास नवल वाटते. हे शस्त्र हाताळलेल्यास तसे वाटत नाही.

नळीच्या टोकावरील उंचवट्यास माशी म्हणतात. मागील खाचेतून पाहून माशी लक्ष्यावर आणणे, हाच नेम. रिव्हॉल्व्हरवर या दोहोंत सुमारे १५ सेंटिमीटर अंतर असते. माशी खाचेत अवघा एक मिलिमीटर बाजूस सरली, तर १५ मीटरांवर गोळी १० सेंटिमीटर दूर जाते. त्यातून दुहेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चापाच्या एकाच ओढीने चक्र फिरते, घोडा मागे जातो व सुटतो. त्यास पाच-सहा किलोग्रॅमचा जोर लागतो. शस्त्राचे वजन मात्र जेमतेम एक किलोग्रॅम! नळी हलली नाही तरच आश्चर्य.

हिंदुस्थानात परिचित झालेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरवर मागील खाच नळी बंद करणाऱ्या कडीवरच कोरलेली असे. रचना सुटसुटीत खरी. पण कडी सैल झाली की नेमही सैल. १९१५ च्या सहाव्या नमुन्यात माशीची पाती स्क्रूने बसविलेली असल्याने ती बदलता येई.

इतर अनेक रिव्हॉल्व्हरांची माशी अर्धचंद्राकार असे, म्हणजे म्यानातून काढताना ती अडकू नये. परंतु गोलसर माशीवर एका बाजूने प्रकाश पडला की डोळा उजळ कडेलाच मध्य समजतो आणि गोळी प्रकाशाच्या विरुद्ध बाजूस जाते. अमेरिकन नेमबाज पॅट्रिज यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सपाट माथ्याची माशी व चौकोनी खाच प्रचारात आणली. माशीच्या दोन्ही अंगांस दिसणाऱ्या प्रकाशाच्या पट्ट्या सारख्या आहेत की नाहीत, हे डोळा चटकन ओळखतो. पुढे खाच स्क्रूने सरकविण्याची सोय आली; १९५५ च्या कोल्ट पायथनवर ती होती. माशीची मागील बाजूही उतरती व बारीक रेघांची झाली, म्हणजे ती अडकत नाही व चकाकतही नाही.

डोळ्याची अडचण मात्र कायम आहे. खाच, माशी व लक्ष्य ही तिन्ही त्यास एकाच वेळी स्पष्ट दिसत नाहीत. म्हणून कसलेला नेमबाज लक्ष्य धूसर होऊ देतो आणि दृष्टी माशीवर ठेवतो.