सिकलसेलच्या घरातली उमेद

विदर्भातील आपल्या वस्त्यांमध्ये सिकलसेल हे नाव नवे नाही. ज्या घरात 'एसएस' मूल आहे, त्यांना सगळेच म्हणतात, "धीर धरा." पण मध्यरात्री पोराचे हातपाय ठणकू लागले, की नुसत्या शब्दांनी धीर येत नाही. आता काय करायचे, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असले की येतो.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे असह्य वेदना होतात. पाणी कमी पडणे, थंडी, अतिश्रम, ताप यांनी दुखणे उठते. म्हणून दप्तरात पाण्याची बाटली हवी, हिवाळ्यात अंगभर कपडे हवेत. डॉक्टरांनी दिलेली फॉलिक अ‍ॅसिडची गोळी चुकवू नये. हायड्रॉक्सियुरिया सुरू असेल, तर सांगितलेल्या दिवशी रक्त तपासावे. बरे वाटते म्हणून औषध मनाने बंद करू नये. ताप आला, छातीत दुखले, धाप लागली, मूल एकाएकी पांढरे पडले किंवा हातापायातली शक्ती गेली, तर घरी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

हे सारे एकट्या आईवर पडले, तर ती खचते. कामे वाटून घ्या. फाइल आणि दवाखान्याच्या तारखा वडिलांकडे, गोळी आजीकडे. दुखणे कधी उठले, ते वहीत लिहा; मूल शाळेत गेले, खेळले, तो दिवसही लिहा. महिनाअखेर वही उघडली, की चांगले दिवसही डोळ्यांसमोर येतात.

"सुनेने आजार आणला" हे बोलणे बंद करा. मूल एसएस होण्यासाठी सिकलसेलचा गुण आईकडून आणि वडिलांकडूनही यावा लागतो. दोघे 'एएस' वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिका जुळवण्यापेक्षा लग्नाआधी दोघांचे रक्त तपासा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा आणि शाळेलाही आजाराची कल्पना द्या.

आणि मुलासमोर "हे किती दिवसांचे" असे कुणालाही बोलू देऊ नका. दहावीनंतर काय शिकायचे, हे त्याला विचारा.