गॅरंटी आणि वॉरंटी : फरक ओळखा, मगच सही करा

दुकानात गिऱ्हाईक विचारते, "रंगाची गॅरंटी आहे ना?" शिलाई मशीन घेताना आपण विचारतो, "वॉरंटी किती वर्षांची?" हे दोन्ही शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले आहेत. पण कागदावर सही करताना त्यांतला फरक ठाऊक नसेल, तर तो महागात पडतो.

मुळात दोन्ही शब्द एकाच घरचे. जुन्या फ्रेंचच्या एका बोलीत 'व' होता, दुसरीत 'ग'. इंग्रजीने दोन्ही रूपे घेतली. वॉर्डन आणि गार्डियन ही जोडीही तशीच.

व्याकरणात 'गॅरंटी' हे नामही आहे आणि क्रियापदही. 'वुई गॅरंटी द कलर' हे बरोबर. 'वॉरंटी' मात्र नाम आहे, त्याचे क्रियापद 'वॉरंट'. म्हणून बिलावर 'वुई वॉरंटी' असे छापू नये.

आता कायदा पाहू. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२६ नुसार गॅरंटी म्हणजे जामिनकी. तिच्यात तीन पक्ष असतात : देणेकरी, घेणेकरी आणि जामीन. कलम १२८ सांगते की करारात वेगळे ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्ज थकले की बँक थेट जामीनदाराकडे येऊ शकते. "आम्ही नुसती सही केली होती" ही सबब चालत नाही. भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क आहे, पण आधी खिशातून भरावी लागते.

वॉरंटीत पक्ष दोनच : विकणारा आणि घेणारा. गोष्ट मालाची. १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १२ नुसार वॉरंटी ही दुय्यम अट आहे. ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, माल नाकारता येत नाही. मुख्य अट मोडली तर मात्र माल नाकारता येतो. कागदावर 'वॉरंटी' लिहिले असले, तरी कराराच्या अर्थावरून ती मुख्य अट ठरू शकते.

गॅरंटी म्हणजे माल बदलून मिळणार आणि वॉरंटी म्हणजे दुरुस्ती, असे बाजारात समजतात. या कायद्यांत अशी वाटणी नाही. काय द्यायचे, किती दिवसांत आणि कोणत्या दोषासाठी, हे बिलावर स्पष्ट लिहावे.

आमचे व्यापारी व कारागीर बांधवांना एवढेच सांगणे : शब्द कोणताही असो, हमी आपल्या मालाची आहे की दुसऱ्याच्या कर्जाची, हे आधी विचारा. दुसऱ्याच्या कर्जाची असेल, तर ती रक्कम स्वतः फेडण्याची ऐपत पाहूनच कलम उचला.