ध्वनिफाइलींचे रूपांतर : काय उरते, काय गळते

आपल्या संगीत-सीडींचा संग्रह संगणकावर उतरवून ठेवणाऱ्या रसिकांना पुढे एक अडचण हमखास जाणवते. संगणकावर उत्तम वाजणाऱ्या फाइली मोटारीतील अथवा खिशातील प्लेअर ओळखतच नाही. या फाइली बहुधा ‘फ्लॅक’ स्वरूपातील असतात आणि प्लेअरला एमपी-थ्री हवी असते. रूपांतराची साधने विनामूल्य मिळतात, कामही काही मिनिटांचे असते. परंतु या दोन स्वरूपांतील भेद आधी जाणून घेणे इष्ट ठरेल.

सीडीवर ध्वनीची दर सेकंदाला ४४,१०० मोजमापे, डाव्या व उजव्या बाजूंसाठी स्वतंत्रपणे, प्रत्येकी १६ बिटांत नोंदलेली असतात. त्यामुळे तासाभराच्या मैफलीला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. २००१ साली सिद्ध झालेले फ्लॅक हीच माहिती साधारणतः निम्म्या जागेत बसवते. लघुलिपीत घेतलेला मजकूर जसा शब्दशः पुन्हा लिहून काढता येतो, तद्वत फ्लॅकमधून मूळचा प्रत्येक बिट परत मिळतो. एमपी-थ्रीची रीत निराळी. तबल्याची जोरकस थाप पडते त्या क्षणी तानपुऱ्याचे सूक्ष्म स्वर आपल्या कानांना जाणवत नाहीत. असे झाकले जाणारे तपशील ती ढोबळपणे नोंदवते वा सरळ गाळते. १२८ किलोबिटांच्या दराने तोच तास ५८ मेगाबाइटमध्ये मावतो खरा, पण थापेची धार बोथट झाल्याचे चोखंदळ कानाला कळू शकते. ३२० किलोबिटांना १४४ मेगाबाइट लागतात आणि मग फरक ओळखणे बहुतेकांना अवघड जाते. आजच्या मेमरी कार्डांची क्षमता पाहता खालचा दर निवडण्याची काटकसर अनाठायीच म्हणावी लागेल.

एकदा गळलेले तपशील मात्र परत येत नाहीत. एमपी-थ्रीपासून फ्लॅक बनविल्यास फाइल तेवढी फुगते, ध्वनी सुधारत नाही. एमपी-थ्रीवरून पुन्हा एमपी-थ्री काढल्यास प्रत्येक खेपेस आणखी घट होते. म्हणून प्रत्येक नवी प्रत फ्लॅकवरूनच काढावी आणि रूपांतरानंतर मूळ फाइल पुसून टाकू नये. (मुद्दल शाबूत ठेवण्याचे महत्त्व आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नकोच.) बाजारात पुन्हा मिळणाऱ्या सीडीबाबत ही हानी एक वेळ भरून निघेल, परंतु घरातील वडीलधाऱ्यांचा आवाज जुन्या कॅसेटवरून फ्लॅकमध्ये उतरवून घेतला असेल आणि ती फीत एव्हाना खराब झाली असेल, तर ती फाइल हीच त्या आवाजाची एकमेव पूर्ण प्रत होय.

प्लेअरची माहितीपुस्तिका आधी अवश्य चाळावी. अनेक अँड्रॉइड फोन फ्लॅक थेट वाजवतात, तेव्हा रूपांतराची गरजच उरत नाही. आयफोनच्या संगीत-संग्रहासाठी ‘ॲपल लॉसलेस’ हे स्वरूप निवडावे. फ्लॅकवरून त्यात जाताना काहीही गळत नाही. पहिल्या दोन-चार फाइली प्लेअरवर वाजवून, गायकांची व रागांची नावे देवनागरीत नीट उमटतात ना, हे पाहावे आणि मगच उरलेला संग्रह हाती घ्यावा.