शस्त्रक्रियागृहातला माऊस कोण हलवणार?

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आजच्या विषयाचं नाव अवघड आहे, 'मिश्र वास्तव'. पण त्यामागचा प्रश्न साधा आहे. शस्त्रक्रिया चालू असताना सर्जनला समोरच्या संगणकावरचं चित्र पुढे सरकवायचंय. माऊसला हात कोणी लावायचा?

सर्जनला तो लावता येत नाही. हात धुऊन निर्जंतुक हातमोजे चढवल्यावर माऊसला स्पर्श झाला, तर हातमोजे बदलणं आलं, कधी पुन्हा हात धुणं आलं. म्हणून तो तोंडानं सांगतो, "सिस्टर, पुढे घ्या... अजून... नाही, मागे... थांबा, थांबा." आता सीटी स्कॅन म्हणजे एक फोटो नव्हे. पावाचे काप करावेत तसे शरीराचे शेकडो काप त्यात असतात. त्यातला नेमका काप दुसऱ्याच्या हातानं शोधायचा, आणि तोही टेबलावर माणूस उघडा असताना!

आपल्या भागात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. एका अंगाला बोईसर-तारापूरची एमआयडीसी आणि 1969 पासून वीज देणारं अणुऊर्जा केंद्र, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाड्याचे पाडे. कारखान्यात हात सापडलेला कामगार असो की पाड्यावरून जीपमधून आणलेली बाळंतीण, लहान रुग्णालयात माणसं मोजकीच असतात. माऊस धरायला गेलेली सिस्टर तेवढा वेळ रुग्णापासून दूर झालेली असते.

चष्मा काय करतो?

1994 साली मिलग्राम आणि किशिनो या दोन संशोधकांनी एक पट्टी कल्पिली. तिच्या एका टोकाला निव्वळ खरं जग, दुसऱ्या टोकाला निव्वळ संगणकानं रचलेलं जग. मधला सगळा प्रदेश मिश्र वास्तवाचा. 2016 मध्ये आलेला मायक्रोसॉफ्टचा होलोलेन्स हा त्या प्रदेशातला चष्मा. त्याच्या काचेतून समोरचा रुग्ण दिसतो आणि त्याच वेळी हवेत तरंगणारा एक पडदाही दिसतो. कॅमेरे हाताच्या हालचाली ओळखतात. 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीत तर नजर कुठे लागली आहे हेही कळतं.

आता गंमत पाहा. रुग्णालयातलं सॉफ्टवेअर या चष्म्यासाठी लिहिलेलंच नाही. ते सपाट पडद्यासाठी, माऊससाठी लिहिलंय. मग ते नव्यानं का लिहू नये? एमआयडीसीत काम केलेल्यांना याचं उत्तर ठाऊक आहे. चालू मशीनच्या कंट्रोल पॅनलला उगीच कोणी हात लावत नाही. वैद्यकीय सॉफ्टवेअर तपासून, प्रमाणित होऊन आलेलं असतं. आपल्याकडे 2020 पासून तेही वैद्यकीय उपकरणांच्या कायद्याखाली येतं. त्यात बदल केला की तपासणी पुन्हा आली.

म्हणून एक युक्ती करतात. पडद्याकडे जाणाऱ्या केबलमधून चित्राची एक प्रत घ्यायची आणि ती चष्म्यात दाखवायची. उलट दिशेनं, तुम्ही हवेत दोन बोटं चिमटीसारखी जुळवलीत की एक छोटी पेटी संगणकाला सांगते, "मी माऊस आहे, अमुक जागी क्लिक झालं." संगणकाला वाटतं, नेहमीचाच माऊस जोडलाय. आतलं सॉफ्टवेअर जसंच्या तसं राहतं.

मग अडतं कुठे?

पहिली अडचण बोटांची. माऊसच्या बाणासाठी केलेली बारीक बटणं हवेतल्या बोटाला सापडत नाहीत. हात उचलून धरला की खांदा भरून येतो. त्यावर उपाय म्हणून नजरेनं चालवायचं, तर तिथं भस्मासुर उभा राहतो. त्यानं हात ठेवला की भस्म. इथं डोळा लागला की क्लिक. डोळा तर सारखा भिरभिरत असतो. त्यामुळे नजरेनं निवडायचं आणि चिमटीनं किंवा आवाजानं पक्कं करायचं, अशी दोन पायऱ्यांची पद्धत वापरतात.

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. समजा, भूलतज्ज्ञाच्या मॉनिटरची प्रत चष्म्यात दिसतेय. नाडी 82. मध्येच वायफाय अडकलं. चित्र थिजलं, पण पुसलं गेलं नाही. खऱ्या मॉनिटरवर नाडी 50 वर आलीय आणि चष्म्यात अजून 82 च! काळा पडदा प्रामाणिक असतो, काही दिसत नाही एवढं तरी तो सांगतो. थिजलेला पडदा जिवंत असल्याचं सोंग करतो. म्हणून जोडणी तुटताच चित्र ठळकपणे झाकलं गेलंच पाहिजे.

तिसरी गोष्ट माझ्या विषयातली. बाजूला तरंगणारा पडदा स्वतःच्या जागेबद्दल काही दावा करत नाही. पण तेच चित्र रुग्णाच्या अंगावर नेमून बसवलं, तर ते म्हणतं, "हाड इथंच आहे." डिसेंबर 2017 मध्ये पॅरिसजवळच्या आव्हिसेन रुग्णालयात थॉमस ग्रेगरी यांनी खांद्याचा सांधा बदलताना असा चष्मा वापरला होता. फायदा उघड आहे. पण आपल्या वेदान्तात याच ठिकाणचा धोका सांगितलाय, अध्यास. शंकराचार्यांच्या ब्रह्मसूत्रभाष्याचा आरंभच त्यानं होतो. एका वस्तूवर दुसरीचा आरोप, शिंपल्याच्या जागी चांदी दिसणं. किनाऱ्यावर राहणाऱ्या आपल्याला हा दृष्टान्त समजावून सांगायला नको. रुग्ण जरासा हलला, चित्र काही मिलिमीटर सरकलं, आणि डोळा मात्र त्या चांदीवरच विश्वास ठेवतो.

उलट बाजूही आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ मर्लो-पाँती यांनी 1945 साली आंध‍ळ्याच्या काठीचं उदाहरण दिलं. सवय झाली की काठी हातात जाणवत नाही, तिच्या टोकापाशी रस्ताच जाणवतो. चांगलं साधन असं विरून जातं. पाऊण तासानं कपाळावर रुतणारा, 566 ग्रॅम वजनाचा चष्मा अजून पुरता विरत नाही.

आणि साधनं निघूनही जातात. 2011 मध्ये टोरांटोच्या सनीब्रूक रुग्णालयात सर्जन किनेक्ट या खेळाच्या कॅमेऱ्यासमोर हात हलवून स्कॅन पाहत होते. तो कॅमेरा आता बनत नाही. होलोलेन्सचं उत्पादनही 2024 मध्ये थांबलं. मूळ सॉफ्टवेअरला हात न लावण्याचा शहाणपणा इथं कळतो: चष्मा गेला तरी पडदा आणि माऊस जागेवर असतात.

एक प्रश्न

श्रोत्यांमधून एका ताईंनी चिठ्ठी पाठवलीय. "सर, म्हणजे सिस्टरची गरज संपली का?"

ताई, "थांबा" म्हटल्यावर थांबणं हे यंत्र शिकेल. पण "सर, हे चित्र आधीच्या पेशंटचं आहे" हे सिस्टर सांगते. त्या पेटीला फक्त चित्र पोचतं, पेशंट कोण ते कळत नाही. त्यामुळे चष्मा आला तर सिस्टरचा हात माऊसवरून सुटून रुग्णाच्या उशाशी यावा. चष्मा आला म्हणून तिची जागाच रद्द झाली, तर आपण माऊस वाचवला आणि माणूस गमावला असं होईल. रुग्णालयानं चष्मा घ्यायचं ठरवलं, तर किमतीच्या आधी हे विचारा.